पंख नसलेलं रॉकेट सरळ कसं जातं: डिचोलीच्या सड्यावरचं एक प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका गावी वाचनालयाचं बालमंडळ आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मंडळातल्या आठवी-नववीच्या मुलांनी ‘रॉकेटचा इतिहास’ हा विषय घेतला. भिंतभर तक्ता करायचा आणि गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पाण्याचं रॉकेट उडवून दाखवायचं, असं ठरलं. मुलांच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या, पण वाचनालयात वाचणं-बोलणं सगळं मराठीतून. तेव्हा तक्ताही मराठीतच. मी या मंडळाला विज्ञानाच्या उपक्रमांत मदत करतो. रॉकेट नीट उडेना म्हणून जी शोधाशोध झाली, तिच्यामुळे तो तक्ता मुळापासून बदलला. शिक्षकांना आणि अशा मंडळांत काम करणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून ते प्रकरण इथे मांडतो आहे.

काय झालं

रॉकेट साधंच होतं. थंड पेयाची दोन लिटरची बाटली, तोंड खाली. तोंडात रबरी बूच, बुचातून आरपार गेलेला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, त्याला लांब नळीने जोडलेला दाबमापक असलेला पायपंप. बाटलीत एक तृतीयांश पाणी भरायचं आणि पंप मारायचा. आतल्या हवेचा दाब वाढला की बूच सुटतं, हवा पाण्याला खाली रेटते आणि बाटली वर जाते. दाब ५० पीएसआयच्या (चौरस इंचाला ५० पौंडांच्या) वर न्यायचा नाही, डोळ्यांवर चष्मा हवाच आणि पंप मारणारा सोडून बाकीच्यांनी चांगलं लांब उभं राहायचं, हे नियम आधीच घालून दिले होते. प्लास्टिकची बाटली फुटली तर इजा होते. या खेळात तेवढी शिस्त लागतेच.

बाटलीच्या टोकावर पुठ्ठ्याचा शंकू, अंगाला पांढरा रंग, त्यावर तिरंगा. पंख नव्हते. तक्त्याच्या मधोमध लावायचं चित्र होतं एलव्हीएम-३ चं, १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या रॉकेटचं. बाटली त्या चित्राबरहुकूम सजवलेली.

सड्यावर पहिल्यांदा बूच सुटलं तेव्हा बाटली दोन पुरुष उंच गेली, आडवी झाली आणि कोलांट्या खात, चहूकडे पाणी उडवत जांभ्यावर आदळली. शंकू चेपला. मुलांचं निदान एका शब्दाचं होतं: जोर. जोर कमी पडला. मग दाब वाढवला, तर बाटली दुप्पट वेगाने आडवी गेली. पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. कोलांट्या सुटल्या नाहीत. शेवटी एक जण म्हणाला, पंख लावूया. त्यावर नववीतल्या मुलीने विचारलं, “चांद्रयानाच्या रॉकेटला कुठे पंख होते, काका? ते कसं गेलं मग सरळ?”

हा प्रश्न आला नसता तर आम्ही पंख चिकटवून मोकळे झालो असतो. रॉकेट उडालं असतं आणि तक्ता जसा होता तसा भिंतीवर लागला असता.

तक्त्याचा मसुदा तोवर तयार होता आणि तो तुम्ही अनेक शाळांत पाहिला असेल. चीनमधले अग्निबाण, टिपू सुलतान, गोडार्ड, व्ही-२, स्पुटनिक, अपोलो, चांद्रयान. प्रत्येक चौकटीत एक सनावळी आणि मागच्यापेक्षा मोठा आकडा: जास्त लांब, जास्त उंच, जास्त वजन. वाचणाऱ्याच्या मनात ठसतं ते एवढंच की माणसाला हळूहळू अधिकाधिक जोर मिळत गेला आणि शेवटी तो चंद्रावर पोचला. ही मांडणी मुलांची दिशाभूल करते असं मला ठामपणे वाटतं. सड्यावर ती मुलं दाब वाढवत राहिली त्याचं मूळ तिथेच होतं. जोर बऱ्याच आधीपासून हाताशी होता. त्या जोराला हवं त्या दिशेला धरून ठेवणं ही खरी अवघड गोष्ट होती, आणि रॉकेटची आठशे वर्षं मुख्यतः त्यातच गेली आहेत.

दोरीवरची तपासणी

आधी बाटलीकडे पाहिलं. पाणी संपायला सेकंदाचा लहानसा भाग पुरतो; त्यानंतरचं सगळं उड्डाण रिकाम्या बाटलीचं असतं. म्हणून रिकामी बाटली आडवी धरून तिला दोरीच्या फासात तोललं. जिथे ती समतोल राहिली तो तिचा गुरुत्वमध्य: शंकूच्या टोकापासून साधारण २२ सेंटिमीटर, एकूण लांबी ४२. मग बाटली कागदावर आडवी ठेवून तिची बाह्यरेषा काढली, तोच आकार जाड पुठ्ठ्यात कापला आणि तो पुठ्ठा पट्टीच्या धारेवर तोलला. हवेचा आडवा मारा सरासरीने ज्या जागी लागतो त्या जागेचा, म्हणजे दाबमध्याचा, हा ढोबळ अंदाज. तोही २२ वरच आला.

तिथेच दुखणं सापडलं. उडताना कुठलीही वस्तू आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळते. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर नाक जरा कलल्याबरोबर हवा शेपटी ढकलून नाक परत रेषेवर आणते. तो पुढे असेल तर हवा त्या कलण्याला हातभार लावते. दोन्ही एकाच जागी असतील तर बाटलीला सरळ-वाकडं असं काही उरत नाही. पुठ्ठ्याचा अंदाज तसा उदारच आहे. थोड्याशा तिरप्या बाटलीवर हवेचा मारा खरं तर नाकाकडेच जास्त असतो, तेव्हा आमची बाटली आकड्यांत दिसते त्याहून वाईट होती.

मुलांना हे आकड्यांपेक्षा दोरीने पटलं. गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून बाटली डोक्याभोवती गरागरा फिरवायची; नाक पुढे धरून ती फिरली तर ठीक. आमची बाटली कधी आडवी, कधी शेपटी पुढे करून फिरत होती. एका मुलाने शेवटी ती थांबवली आणि म्हणाला, “हिला पुढे कुठलं तेच माहीत नाही.” याहून नेमकं वर्णन मला करता आलं नसतं.

मग पंख. फायलीच्या जाड प्लास्टिक कव्हरमधून चार पंख कापून मुलांनी ते शेपटीला लावले. नाकात वजन हवं होतं. ते चवथीला गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या गावातल्या चित्रशाळेतून आणलेल्या चिकणमातीने भागलं. साधारण साठ ग्रॅमचा गोळा शंकूच्या टोकात बसवला. गुरुत्वमध्य २२ वरून साडेसोळाच्या आसपास आला आणि पुठ्ठ्यावरचा दाबमध्य मागे २७ वर सरकला. दोहोंत बाटलीच्या व्यासाएवढं अंतर पडलं. छांदिष्ट रॉकेटवाले हेच माप किमान धरतात. त्यांच्यासाठी दाबमध्य काढण्याची नेमकी समीकरणं नासात काम करणाऱ्या जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मांडली. आम्हाला पुठ्ठ्यावर भागवता आलं.

सकाळी वारा पडलेला असताना रॉकेट उडवलं. ते सरळ गेलं. तीस मीटरवर उभ्या राहिलेल्या मुलीने कोनमापक आणि ओळंब्याने कोन धरला तो पंचेचाळीसच्या जवळपास, म्हणजे उंचीही तीस मीटरच्या घरात. दाब तोच, पाणी तेवढंच, आणि मातीमुळे वजन उलट वाढलेलं.

पण चांद्रयानाचं रॉकेट पंखांशिवाय सरळ कसं गेलं, हा प्रश्न जागेवरच होता.

काठीपासून जायरोस्कोपपर्यंत

दिवाळीतल्या रॉकेटची काठी मोडली तर ते अंगणात सैरावैरा धावतं, हे प्रत्येक मुलाने पाहिलेलं आहे. काठी दाबमध्याला मागे खेचते. चीनमध्ये तेराव्या शतकापर्यंत दारू भरलेल्या नळीला काठी जोडून बाण सोडले जाऊ लागले, आणि पुढची कित्येक शतकं रॉकेट म्हणजे काठीची नळी हेच समीकरण राहिलं. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजांतही असे बाण होते. हैदर आणि टिपूच्या म्हैसुरी रॉकेटांत नळी लोखंडी झाली. तिच्यात दारूचा दाब जास्त पेलला जायचा, पल्ला दोन किलोमीटरच्या घरात गेला. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या इंग्रज फौजेची त्यांनी दाणादाण उडवली. आपल्यापासून फार लांब नसलेल्या शिमोगा जिल्ह्यात, बिदनूरच्या एका जुन्या विहिरीतून २०१८ साली त्या काळची हजारावर रॉकेटं निघाली. मुलांना ही बातमी कुणीच सांगितलेली नव्हती, याचं मला वाईट वाटलं.

म्हैसूरचा हा जोर इंग्रजांनी उचलला. विल्यम काँग्रीव्हने १८०५ च्या सुमारास त्यावरून आपली रॉकेटं बांधली, १८०७ मध्ये कोपनहेगन त्यांनी जाळलं गेलं. पण काठी नळीच्या एका बाजूला बांधलेली असल्यामुळे रॉकेट वळायचंच. १८१५ मध्ये त्याने काठी बरोबर मधोमध आणली आणि नेम सुधारला. काठी पुरती गेली ती १८४४ साली, विल्यम हेलच्या रॉकेटांत: बाहेर पडणाऱ्या वायूने रॉकेट स्वतःभोवती फिरेल अशी छिद्रं त्याने ठेवली. फिरणारी वस्तू आपला अक्ष सहजी सोडत नाही.

अवकाशात जायचं तर यातलं काहीच पुरेसं नव्हतं. रशियातल्या कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की या शिक्षकाने १९०३ मध्ये गणिताने दाखवलं की रॉकेटचा वेग ठरतो तो बाहेर फेकलेल्या वायूच्या वेगावर आणि इंधनासकट व इंधनाविना वजनाच्या गुणोत्तरावर. त्यासाठी द्रव ऑक्सिजन आणि हायड्रोजन वापरावा असंही त्याने सुचवलं. तक्त्यावर याची चौकट लहान ठेवली, कारण आमचा प्रश्न दुसरा होता.

अमेरिकन संशोधक रॉबर्ट गोडार्डच्या चौकटीपाशी मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. १६ मार्च १९२६. मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावचं एक शेत. पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं जगातलं पहिलं रॉकेट अडीच सेकंद उडालं, ४१ फूट वर गेलं आणि १८४ फुटांवर पडलं. सगळ्या तक्त्यांवर हे आकडे असतात. त्या रॉकेटची रचना मात्र क्वचितच कुणी दाखवतं: इंजिन सगळ्यात वर आणि टाक्या खाली. इंजिन पुढून ओढत राहिलं तर मागचं वजन आपोआप रेषेत लोंबेल, असा विचार त्यामागे होता. ऐकायला तो इतका बरोबर वाटतो की आमच्या मुलांनाही लगेच पटला. पण इंजिन रॉकेटलाच घट्ट जोडलेलं असतं. रॉकेट कललं की इंजिनही कलतं आणि कललेल्या दिशेनेच ओढतं. वजन खाली असण्याने ते सावरत नाही, कारण गुरुत्वाकर्षण गुरुत्वमध्यावरच काम करतं आणि तिथून कुठलाही पीळ बसत नाही. मुलांनी लगेच खात्री केली: मातीचा गोळा शंकूतून काढून बाटलीच्या तोंडाशी बांधला आणि दोरीवर फिरवली. शेपटी पुढे आली.

गोडार्डने पुढे इंजिन मागे नेलं आणि न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला जाऊन दुसऱ्याच वाटेने काम सुरू केलं. रॉकेटात जायरोस्कोप. वेगाने फिरणारं चाक आपला अक्ष धरून ठेवतं. त्याच्या भोवतीचं रॉकेट कललं की तो फरक यंत्रणेला कळतो आणि ती वायूच्या झोतातली पाती वळवते. १९३२ पासून त्याचे प्रयोग चालले. मार्च १९३५ मध्ये अशा रॉकेटने सुमारे ४,८०० फूट उंची गाठली. माझ्या मते १९२६ पेक्षा हे साल मोठं आहे. आपण कललो आहोत हे रॉकेटला पहिल्यांदा कळायला लागलं ते इथे.

व्ही-२ आणि तिची किंमत

दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-२ या जर्मन क्षेपणास्त्रात हेच सगळं एकत्र आलं: चौदा मीटर उंची, अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन, दिशा धरायला जायरोस्कोप, शेपटीला चार मोठे पंख आणि थेट आगीच्या झोतात बसवलेली चार ग्रॅफाइटची पाती. पंख असताना पाती कशाला, हे मुलांनी स्वतःच शोधलं. आमची बाटली सुटताच वेग घेते, त्यामुळे पंखांना पहिल्या क्षणापासून हवा मिळते. बारा-तेरा टनांचं रॉकेट जमिनीवरून सावकाश उठतं. त्या वेगाला पंख असून नसल्यासारखे. उलट टोकाला, उंचावर हवाच विरळ. दोन्ही टोकांना रॉकेटला आपल्याच झोताचा आधार घ्यावा लागतो. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पीनेम्युंडेहून सुटलेली व्ही-२ ऐंशी किलोमीटरच्या वर पोचली.

या चौकटीत मी एक गोष्ट आग्रहाने लिहायला लावली. व्ही-२ जिथे बांधली गेली त्या मिटेलवेर्कच्या भुयारांत छळछावणीतले कैदी राबवले जात होते आणि त्यांतले हजारो तिथे मेले. हे अस्त्र लंडन-अँटवर्पवर पडून जेवढे मेले, त्याहून जास्त माणसं ते बांधताना मेली. काही पालकांना वाटलं, मुलांच्या तक्त्यावर हे कशाला. मला वाटतं, मुलांच्या तक्त्यावरच हवं. हीच माणसं आणि हेच ज्ञान पुढे अमेरिकेत गेलं आणि त्यातून चंद्रावरचं रॉकेट झालं, हे सांगायचं असेल तर मधली पानं फाडता येत नाहीत.

इंजिनच वळवलं

आता त्या प्रश्नाचं उत्तर हाताशी आलं. झोतातल्या पात्यांनी जोर वाया जातो आणि ती जळतात. त्यापेक्षा झोतच वळवला तर? सोव्हिएत आर-७ रॉकेटने, ज्याने ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक आणि १२ एप्रिल १९६१ ला गागारिनच्या यानाला वर नेलं, ग्रॅफाइटची पाती टाकून दिली आणि वळणारी बारा छोटी इंजिनं घेतली. अपोलो यानांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या पाच इंजिनांपैकी बाहेरची चार स्वतःच हलायची. ते महाकाय धूड उड्डाणमनोरा ओलांडायलाच दहाएक सेकंद घ्यायचं, आणि तेवढा वेळ ते फक्त या वळत्या इंजिनांच्या भरवशावर उभं असायचं.

१४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो-१२ उडाल्यावर पहिल्याच मिनिटात त्यावर दोनदा वीज पडली. अंतराळवीरांच्या यानातली दिशादर्शक यंत्रणा कोलमडली. पण रॉकेटचा स्वतःचा संगणक आणि जायरोस्कोप तिसऱ्या टप्प्यावरच्या वेगळ्या कड्यात होते. ते शाबूत राहिले आणि रॉकेट ठरल्या वाटेने गेलं. आमच्या मुलांना चंद्रावरच्या पहिल्या पावलापेक्षा ही गोष्ट जास्त आवडली आणि तक्त्यावर तिला मोठी चौकट मिळाली.

एलव्हीएम-३ ला पंख नसण्याचं कारणही हेच. त्याच्या बाजूच्या दोन एस-२०० मोटरींमध्ये प्रत्येकी दोनशे टनांवर घन इंधन असतं. त्यांची तोंडं लवचीक सांध्यावर बसवलेली असतात आणि हायड्रॉलिक दट्ट्यांनी ती थोडी-थोडी वळतात. मधली दोन विकास इंजिनंही वळतात. हे समजावून सांगताना मी अडखळत होतो तेव्हा वाचनालयात पेपर वाचायला येणारे एक आजोबा पुढे झाले. खाणी जोरात होत्या त्या काळी त्यांनी आयुष्यभर डंपर आणि एक्स्कॅव्हेटर दुरुस्त केले. “अरे बाबांनो, टिपरचा हौदा उचलणारा जॅक बघितलाय ना? तसलेच दोन जॅक, काटकोनात लावलेले. एक तोंडाला पुढे-मागे ढकलणार, दुसरा डावी-उजवीकडे. तेल दाबाने सोडलं की दट्ट्या सरकला.” मग त्यांनी दोन इंजेक्शनच्या सिरिंज आणि सलाइनच्या नळीत पाणी भरून, बाटलीचं तोंड कसं वळेल ते तिथल्या तिथे करून दाखवलं. एक सिरिंज दाबली की दुसरीचा दट्ट्या पुढे येऊन तोंड तिरकं करायचा. विज्ञान दिनाला सर्वांत जास्त गर्दी या सिरिंजांभोवती झाली.

आपल्याकडचे पडलेले बाण

भारताच्या भागाने माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट सुटलं. गोवा मुक्त होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. ते अमेरिकन बनावटीचं नाइके-अपाची होतं. त्याची जुळणी मेरी मॅग्डलीनच्या चर्चमध्ये झाली. अशा रॉकेटांना पंख पुरतात, कारण ती वर जाऊन खालीच यायची असतात. उपग्रह सोडायचा म्हटलं की प्रत्येक टप्प्यात दिशा धरावी लागते, आणि आपली सुरुवातीची अपयशं पाहा.

१० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रहवाहक रॉकेटचं पहिलं उड्डाण पाच मिनिटांच्या थोडं पुढे जाऊन बंगालच्या उपसागरात संपलं. इंधन कमी पडलं नव्हतं. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह अडकला, त्या यंत्रणेचं नायट्रिक आम्ल गळून गेलं आणि रॉकेटला वळवायला काही उरलं नाही. १८ जुलै १९८० ला त्याच बनावटीचं रॉकेट रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवून आलं. १३ जुलै १९८८ ला एएसएलव्ही या त्यानंतरच्या रॉकेटच्या दुसऱ्या उड्डाणात बाजूच्या मोटरी विझत असताना आणि मधली पेटत असताना जी फट राहिली, तिच्यात ताबा सुटला आणि हवेच्या माऱ्याने रॉकेट मोडलं. पुढच्या रॉकेटात बाजूच्या मोटरींचा जोर ओसरतो आहे हे ओळखून मगच मधली पेटेल अशी सोय केली आणि तळाशी पंख जोडले. २० मे १९९२ ला ते यशस्वी झालं. २० सप्टेंबर १९९३ ला पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं, तेही संगणकाच्या आज्ञावलीतल्या एका चुकीमुळे टप्पे सुटताना दिशा बिघडल्याने. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १९९४ ला ते साधलं. अनुभवी देशही यातून सुटलेले नाहीत: २ जुलै २०१३ ला बैकोनूरहून सुटलेलं रशियाचं प्रोटॉन अर्ध्या मिनिटात जमिनीवर कोसळलं, कारण त्याच्या वळण्याचा वेग मोजणारी उपकरणं उलटी बसवली होती. जोर पुरेपूर असताना.

ही चौकट लिहिणारा मुलगा आधी म्हणत होता की फसलेली उड्डाणं कशाला दाखवायची. लिहून झाल्यावर त्यानेच ती चौकट मुख्य चित्राच्या खाली, नजरेच्या उंचीवर लावली.

राहिलेलं एक

पंखांचीही एक मर्यादा सड्यावरच दिसली. पहिल्या यशाने हुरळून मुलांनी दुप्पट मोठे पंख लावले आणि दुपारी, समुद्राकडून वारा सुटल्यावर, रॉकेट उडवलं. ते उठलं आणि वाऱ्याच्या तोंडावर नाक करून थेट काजूच्या बागेत शिरलं. मोहर आलेल्या फांद्यांतून बाटली काढताना बागवाल्या मामांची बोलणी खावी लागली. मोठा पंख रॉकेटला हवेच्या दिशेला वळवतो, आपल्या इच्छेच्या दिशेला नाही. हवा आडवी असेल तर रॉकेट आडवं. पंख लहान केले आणि सकाळचीच वेळ ठरवली. ज्या रॉकेटला विशिष्ट कक्षा गाठायची आहे त्याला हा परावलंबीपणा चालत नाही, हे आता वेगळं सांगावं लागलं नाही.

तक्ता शेवटी पाच पट्ट्यांत लागला: काठी, फिरकी, पंख, झोतातली पाती, वळणारं इंजिन. सनावळ्या त्या-त्या पट्टीत. शेवटच्या दिवशी एका मुलाने मोबाइलवर फाल्कन-९ चा डिसेंबर २०१५ मधला पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरतानाचा व्हिडिओ दाखवला आणि सगळे गोंधळले. त्याला जाळीदार पंख होते, आणि तेही वरच्या टोकाला. पंख शेपटीलाच हवेत, हे आम्ही दोरी फिरवून शिकलो होतो. बराच वाद झाला. मग पहिला प्रश्न विचारणारी ती मुलगी बाटली हातात घेऊन उठली, तिने ती तोंड खाली धरून वरून सोडल्यासारखी हळूहळू खाली आणली आणि म्हणाली, “येताना ते इंजिन पुढे करून येतंय ना. मग वरचं टोक म्हणजेच शेपटी.” पाचव्या पट्टीच्या उजवीकडे थोडी जागा उरली होती, तिथे तिने जाळीदार पंखांचं चित्र काढून त्याला बाण दाखवला, खाली तोंड केलेला.